घसाऱ्यात मेलेले लॅपटॉप

दर मार्चअखेरीला ऑफिसच्या तळमजल्यावरच्या स्टोअररूममध्ये लॉट लागतो. काळे लॅपटॉप एकावर एक रचलेले, पाठीवर असेट टॅगचे स्टिकर, चार्जर वेगळ्या खोक्यात, वायरींच्या गुंत्यासकट. पुण्यातल्या कंपन्यांच्या आयटी खात्यांत वीसेक वर्षं काढली, त्यामुळे असे लॉट मी बरेच पाहिले. लॉट उचलायला येणारा माणूस प्रत्येक लॅपटॉप उघडतो, बटण दाबतो आणि स्क्रीन उजळली की झाकणावर खडूने रेघ मारतो. एका वर्षी मी त्याच्या शेजारी उभा होतो. हाताच्या बोटांवर मोजण्याइतके सोडले तर सगळ्यांवर रेघ आली. हात झटकत त्याने विचारलं, "साहेब, माल तर चांगलाय. काढताय कशाला?" मी म्हटलं, "तीन वर्षं झाली." त्याला हे उत्तर पटलं. खरं सांगायचं तर तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

हा तीनचा आकडा आला कुठून? कंपनी कायदा, २०१३ ची दुसरी अनुसूची उघडून पाहा. कंपनीची कोणती वस्तू किती वर्षं उपयोगी धरायची, म्हणजे तिची किंमत वहीत दरवर्षी घटवत (यालाच घसारा म्हणतात) किती वर्षांत संपवायची, याची तिथे यादी आहे. खुर्च्या-टेबलांना १० वर्षं, मोटारीला ८, सर्व्हर आणि नेटवर्कच्या सामानाला ६, आणि डेस्कटॉप-लॅपटॉपला ३. अखेरीस उरणारी किंमत जास्तीत जास्त पाच टक्के. म्हणजे साठ हजारांना घेतलेला लॅपटॉप तीन वर्षांनी वहीत तीन हजारांचा उरतो. तोच लॅपटॉप पुढे मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर 'रिफर्बिश्ड', म्हणजे नूतनीकृत, अशा पाटीखाली वीसेक हजारांना विकला जातो आणि एखादी कॉलेजची मुलगी त्यावर आणखी चार वर्षं सहज काढते. वहीत मेलेला, बाजारात जिवंत.

कायदा इतका आडमुठा नाही, हेही सांगायला हवं. तांत्रिक कारण देऊन आणि तसं जाहीर करून कंपनीला वेगळं आयुष्य धरता येतं. पण ऑडिटरशी नसता वाद कोण घालणार? शिवाय उत्पादकाची ऑनसाइट वॉरंटी तीन वर्षांची असते आणि भाड्याने घेतलेल्या यंत्रांचा करारही बहुधा छत्तीस महिन्यांचाच. घसारा, वॉरंटी आणि लीज अशा तिन्हींचा मुहूर्त एकाच दिवशी येतो. त्या दिवशी यंत्र कसं आहे हे विचारायची कुणाला गरजच वाटत नाही. खरेदी खात्याकडे नवं टेंडर तयार असतं.

आता याच कंपनीत ५ जूनला, पर्यावरण दिनी, काय होतं ते आठवा. स्वागतकक्षात कुंड्या येतात. कॅन्टीनमधले कागदी पेले जाऊन स्टीलचे ग्लास येतात, ते बरंच झालं. ईमेलच्या तळाशी हिरव्या अक्षरांत 'छापण्यापूर्वी विचार करा' अशी ओळ असते. कागदाचा विचार करायचा. ज्या यंत्रावर ती ओळ टाइप केली त्याचा मात्र नाही.

म्हणून एक साधं गणित मांडतो, पाकिटाच्या मागे करता येईल इतकं. एक ऑफिसचा लॅपटॉप तयार होऊन आपल्या टेबलावर येईपर्यंत साधारण दोनशे ते साडेतीनशे किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. उत्पादकच हे आकडे मॉडेलनुसार छापतात. यातला मोठा वाटा चिप, सर्किट बोर्ड आणि पडदा बनवण्याचा. आपण अडीचशे किलो धरू. आता वापर. पडदा धरून तीस वॉट, दिवसाचे नऊ तास, वर्षाचे अडीचशे दिवस. झाले सुमारे अडुसष्ट युनिट. भारतातली वीज अजून मुख्यतः कोळशाची, एका युनिटमागे सुमारे ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे वर्षाला पन्नासेक किलो. तीन वर्षांनी हा लॅपटॉप काढला तर वापराचे दीडशे आणि बनवण्याचे अडीचशे. बनवण्याचं ओझं दर वर्षाला त्र्याऐंशी किलो पडतं. सहा वर्षं चालवला तर ते बेचाळीसवर येतं.

यावर विक्रेत्याचं ठरलेलं उत्तर असतं, "नवं मॉडेल वीस टक्के कमी वीज खातं, सर." खातही असेल. पन्नासाचे वीस टक्के म्हणजे वर्षाला दहा किलोंची बचत. नव्या लॅपटॉपचे अडीचशे किलो फेडायला पंचवीस वर्षं लागतील. हे मी एकदा मीटिंगमध्ये फळ्यावर लिहून दाखवलं होतं. विक्रेता हसला आणि त्याने पुढची स्लाइड लावली. तिच्यावर पान होतं. झाडाचं.

हेच गणित डोळे मिटून सगळीकडे लावलं तर फसवतं. जुना डेस्कटॉप आणि त्याचा जाड पडदा मिळून सव्वाशे वॉट खात असेल, तर वर्षाला सुमारे दोनशे ऐंशी युनिट आणि दोनशे किलोंच्या आसपास कार्बन. तिथे लॅपटॉप दिला तर पावणेदोन वर्षांच्या आत फेड होते. तो डेस्कटॉप खुशाल काढा. मुद्दा 'जुनं ते सोनं' हा नाहीच. यंत्र किती वीज खातं, ते बनवताना किती ओझं पडलं, आणि अजून किती वर्षं ते काम देईल, या तीन प्रश्नांची उत्तरं यंत्राकडे पाहून द्यायला हवीत. आपण ती कॅलेंडरकडे पाहून देतो.

कॅलेंडर कधीकधी अमेरिकेतूनही येतं. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची नेहमीची मोफत अपडेट थांबवली. विंडोज ११ चालवायला टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते आणि ढोबळमानाने २०१८ नंतरचा प्रोसेसर. त्याआधीचं यंत्र कितीही ठणठणीत असलं तरी दाराबाहेर. कॅनॅलिस या बाजार-अभ्यास संस्थेने २०२३ च्या अखेरीस अंदाज दिला होता की यामुळे जगभरातले सुमारे २४ कोटी संगणक नूतनीकरणाच्या बाजारातून बाद होतील. कंपन्यांना सुरक्षा-अपडेट विकत घेऊन आणखी तीन वर्षं काढण्याची सोय आहे. पहिल्या वर्षी यंत्रामागे ६१ डॉलर, पुढे दर वर्षी दुप्पट. दुप्पट होत जाणारा दर म्हणजे 'राहा, पण निघायची तयारी ठेवा' असं सांगणारा घरमालक.

सुरक्षेचा मुद्दा खोटा नाही. अपडेट न मिळणारं यंत्र बँकेच्या नेटवर्कवर ठेवा असं कुणी शहाणा म्हणणार नाही. पण ऑफिसातली निम्मी कामं आता ब्राउझरमध्ये होतात. आवक-जावक, हजेरी, गोदामाची नोंद, गेटवरचा पास यांना विंडोजच हवी असं काही नाही. केरळातल्या सरकारी शाळा दीड दशकाहून जास्त काळ लिनक्स या मोफत प्रणालीवर चालल्या आहेत आणि तिथल्या मुलांचं काही अडलेलं नाही. आमच्याकडे डिस्पॅचच्या काउंटरवर दोन बाद यंत्रांवर लिनक्स टाकून पाहिलं. पहिले चार दिवस कुरकुर झाली, नंतर कुणाच्या लक्षातही राहिलं नाही. एचआरने मात्र हरकत घेतली होती, की जुनी यंत्रं दिली तर काउंटरवरच्या मुलांना कमी लेखल्यासारखं वाटेल. ही हरकत मी हसण्यावारी नेली, ती चूकच. नवा लॅपटॉप हा ऑफिसात मानाचा भाग असतो. बढती मिळाली की आधी लॅपटॉप बदलतो, मग केबिन. पर्यावरणाच्या गप्पा मारणारे हे लक्षात घेत नाहीत आणि मग त्यांचं धोरण फायलीतच राहतं. जुन्या यंत्राला नवी बॅटरी, जास्तीची रॅम आणि एसएसडी टाकून, स्वच्छ पुसून, नव्या बॅगेत दिलं तर तक्रारी निम्म्याने कमी होतात, हा अनुभव. मात्र रॅम बदलता यायला ती बदलण्याजोगी असायला हवी. हल्लीच्या बारीक लॅपटॉपमध्ये ती बोर्डावरच डाखलेली असते. खरेदीच्या वेळी दोन मिलिमीटर जाडी जास्त चालेल का, हा प्रश्न विचारला तर पाच वर्षांनी पैसे वाचतात. फ्रान्समध्ये २०२१ पासून लॅपटॉपवर दुरुस्तीयोग्यतेचे गुण छापावे लागतात. आपल्याकडे ग्राहक व्यवहार खात्याने नेमलेल्या समितीने असा निर्देशांक सुचवला आहे.

आता लॉटकडे परत. खडूची रेघ मिळालेला लॅपटॉप भाग्यवान. त्याला दुसरा धनी मिळतो, आणि त्या धन्याने नवा घ्यायचं टाळलं असेल तर आमच्या घाईचं पापही थोडं वाटलं जातं. वाईट गत होते ती ज्यांचं भाग्य कंपनीच्या डेटा-धोरणात अडकलं आहे त्यांची. कित्येक कंपन्यांचा नियम असतो की डिस्क नष्टच करायची, भुगा करायचा आणि तसं प्रमाणपत्र घ्यायचं. डिस्क काढलेला लॅपटॉप अर्ध्या किमतीचा होतो, मग सुट्या भागांत जातो, मग भंगारात. डिस्क पुरती पुसण्याच्या मान्यताप्राप्त पद्धती आहेत, त्या वर्षानुवर्षं वापरात आहेत. पुसलं याचा पुरावा कागदावर देता येतो. पण भुगा डोळ्यांना दिसतो, पुसलेलं दिसत नाही. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा आल्यापासून विधी खात्यांची भीती वाढली आहे आणि भीतीपोटी भुग्याकडे कल आणखी वाढेल असं मला वाटतं.

भंगाराचा आकडा मोठा आहे. संयुक्त राष्ट्रांच्या ई-कचरा अहवालानुसार २०२२ मध्ये जगात ६.२ कोटी टन ई-कचरा झाला आणि त्यातला जेमतेम २२.३ टक्के नीट गोळा होऊन प्रक्रियेला गेल्याची नोंद आहे. चीन आणि अमेरिकेनंतर आपला नंबर. आपल्याकडचा माल कुर्ला, साकीनाका, धारावी किंवा दिल्लीच्या सीलमपूरमधल्या हातांत जातो. तांबं काढायला वायरी जाळतात, सोनं काढायला बोर्ड ॲसिडमध्ये बुडवतात. ती माणसं कुणालाही न सुचलेल्या कौशल्याने वस्तूचा शेवटचा कण वेगळा करतात आणि त्याची किंमत फुफ्फुसांनी मोजतात. त्यांना 'असंघटित' म्हणून हाकलून देणारं कुठलंही हिरवं धोरण मला तरी हिरवं वाटत नाही.

ई-कचऱ्याचे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उत्पादकांना ठरावीक प्रमाणात कचऱ्याच्या पुनर्चक्रीकरणाची प्रमाणपत्रं विकत घ्यावी लागतात. हे प्रमाण पहिली दोन वर्षं ६० टक्के होतं, मग ७०, आणि २०२७-२८ पासून ८०. नूतनीकरण केलेल्या मालासाठी वेगळं प्रमाणपत्र आहे, त्याने उत्पादकाची जबाबदारी पुढे ढकलली जाते. दिशा चांगली आहे. पण या नियमांत माझ्यासारख्या मोठ्या ग्राहकाचं, म्हणजे हजार किंवा त्याहून जास्त यंत्रं वापरणाऱ्या कंपनीचं, काम काय? कचरा झाला की तो नोंदणीकृत माणसाच्याच हवाली करायचा. तो कचरा का झाला, हे नियम विचारत नाही. रेघ आलेले शंभर लॅपटॉप चिरडायला पाठवले तरी कंपनी नियमात चोख, आणि वार्षिक अहवालात 'शंभर टक्के ई-कचऱ्याची शास्त्रोक्त विल्हेवाट' असं लिहायला मोकळी. चिरडले जितके जास्त, तितका अहवालातला आकडा भरदार.

इथपर्यंत मांडीवरच्या यंत्रांची गोष्ट झाली. खोलीतल्या यंत्रांची अगदी उलट आहे.

सर्व्हर, म्हणजे सगळ्या ऑफिसची कामं आणि नोंदी सांभाळणारा सामाईक संगणक, दिवसरात्र चालतो. सरासरी तीनशे वॉटचा एक सर्व्हर वर्षाला सव्वीसशेच्या वर युनिट खातो आणि त्याला थंड ठेवायला लागणारी वीज वेगळी. इथे बनवण्यापेक्षा चालवण्याचं ओझं जड. आणि गंमत अशी की यातले कित्येक काहीच करत नसतात. जोनाथन कूमी या अमेरिकी अभ्यासकाने २०१५ मध्ये दाखवलं की तपासलेल्या सर्व्हरपैकी सुमारे तीस टक्क्यांनी सहा महिन्यांत कुठलंही उपयोगी काम केलं नव्हतं. त्यांना त्याने शब्द वापरला तो कोमात गेलेल्या माणसासाठीचा. कोमातला सर्व्हरही भरपूर वीज पितो. मी स्वतः एका कंपनीत असा सर्व्हर पाहिला. त्यावर कोणे एके काळी पगारपत्रक चालायचं, ते दुसरीकडे हलवून पाच वर्षं झाली होती. बंद का केला नाही? "काही अडलं तर?" हा प्रश्न ज्याने प्रथम विचारला तो नोकरी सोडून गेला होता, प्रश्न मात्र रॅकमध्ये बसून होता. शेवटी आम्ही त्याची नेटवर्कची वायर काढून ठेवली आणि महिनाभर वाट पाहिली. कुणाचा फोन आला नाही.

तेव्हा लॅपटॉप टिकवा आणि सर्व्हर मारा, असं जर कुणी एका ओळीत सांगायला लावलं तर मी सांगेन. पण सर्व्हर मारले म्हणजे बहुतेकदा त्यांचं काम क्लाउडवर, म्हणजे दुसऱ्या कंपनीच्या भाड्याच्या सर्व्हरवर गेलं, आणि तिथे दुसरा घोळ सुरू होतो.

क्लाउडचं कौतुक निराधार नाही. स्प्लिट एसी लावलेल्या ऑफिसच्या सर्व्हर-खोलीत यंत्रांना जितकी वीज लागते तितकीच थंड करायलाही जाते, असं चित्र नवीन नाही. एकूण वीज भागिले यंत्रांना लागणारी वीज, या गुणोत्तराला पीयूई म्हणतात; अशा खोलीत ते दोन येतं. जगातल्या डेटा सेंटरची, म्हणजे सर्व्हरच्या मोठ्या गोदामांची, सरासरी १.५६ च्या आसपास आहे आणि गेली काही वर्षं तिथेच रेंगाळली आहे. सर्वांत मोठ्या कंपन्या १.१ पर्यंत पोचल्या आहेत. त्याच कामाला तिथे वीज कमी लागते, हे मान्य. मग घोळ कुठे?

वहीत. सेबीच्या बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता सांगणाऱ्या, अहवालात बाजारमूल्याने पहिल्या हजार नोंदणीकृत कंपन्यांना २०२२-२३ पासून पर्यावरणाची माहिती द्यावी लागते. उत्सर्जनाचे त्यात तीन खण. स्वतः जाळलेलं इंधन हा स्कोप १, विकत घेतलेली वीज हा स्कोप २, हे दोन्ही सक्तीचे. बाकी सगळं, म्हणजे खरेदी केलेल्या वस्तू आणि घेतलेल्या सेवा, हा स्कोप ३. तो ऐच्छिक. आता पाहा. स्वतःच्या खोलीतले सर्व्हर क्लाउडवर हलवले की त्यांची वीज स्कोप २ मधून उडते आणि ऐच्छिक खणात जाऊन पडते. लॅपटॉप बनवतानाचे अडीचशे किलो तर आधीपासूनच त्या खणात आहेत. ऑफिसच्या तंत्रज्ञानाचं बहुतेक सगळं ओझं अशा जागी ठेवलंय जिथे दिवा लावायची सक्ती नाही. एक कंपनी काहीही न बदलता, फक्त सर्व्हर दुसऱ्याच्या छपराखाली नेऊन, आलेख खाली येताना दाखवू शकते. अप्रामाणिकपणा करावाच लागत नाही, रकानेच तसे आखले आहेत.

आणि ते दुसऱ्याचं छप्पर आहे कुठे? ढग म्हटलं की वर पाहावंसं वाटतं. देशातल्या डेटा सेंटरच्या क्षमतेचा निम्म्याच्या आसपास वाटा मुंबई परिसरात आहे. इंटरनेटच्या समुद्राखालच्या केबल मुंबईच्या किनाऱ्याला लागतात, शेअर बाजार आणि बँका इथेच, म्हणून ऐरोली, रबाळे, महापे या ठाणे-बेलापूर पट्ट्यात, पवई-चांदिवलीत आणि पनवेलकडे ही बिनखिडक्यांची कपाटं उभी राहिली. जिथे एकेकाळी रसायनांचे कारखाने होते तिथेच. शेजारून लोकलने जाणाऱ्याला त्या इमारतींवरून काहीच कळत नाही. एकेका संकुलाची भाषा आता पन्नास-शंभर मेगावॉटची आहे.

शंभर मेगावॉट म्हणजे किती, हे समजायला घाटावर जावं. मुंबईच्या गिरण्यांना वीज हवी म्हणून टाटांनी लोणावळ्याच्या परिसरात धरणं बांधली आणि १९१५ मध्ये खोपोलीची वीज मुंबईला पोचली. मग भिवपुरी, मग भिरा. तिन्ही मिळून आज सुमारे साडेचारशे मेगावॉट. कोळसा नाही, धूर नाही, सह्याद्रीच्या पावसाची वीज. आजच्या भाषेत शंभर नंबरी हरित. भिऱ्याच्या विजेसाठी मुळशीचं खोरं बुडायचं होतं, आणि १९२१ मध्ये सेनापती बापटांच्या पुढाकाराने मावळ्यांनी तिथे सत्याग्रह केला. तो हरला, गावं पाण्याखाली गेली. गिरण्यांच्या ताळेबंदात ही किंमत कुठल्या रकान्यात होती? 'स्वच्छ ऊर्जा' हा शब्द ऐकला की मला मुळशी आठवते, याचा अर्थ मी स्वच्छ ऊर्जेच्या विरोधात आहे असा नाही. कुणाच्या जमिनीवर, एवढं विचारायची सवय लागली आहे.

आज चार-पाच डेटा सेंटर मिळून ती सगळी घाटावरची वीज पिऊन टाकतील. उरलेली येते कुठून? मुंबईच्या आत ट्रॉम्बेचे आणि उत्तरेला डहाणूचे कोळशाचे संच अजून धगधगत आहेत. ट्रॉम्बेच्या पायथ्याशी माहुल ही वस्ती आहे, जिथल्या हवेबद्दल न्यायालयांना बोलावं लागलं. शहरात बाहेरून वीज आणणाऱ्या वाहिन्या अपुऱ्या असल्याने आतले संच चालवावे लागतात, ही जुनी अडचण. १२ ऑक्टोबर २०२० ला सगळी मुंबई बंद पडली तेव्हा ती सगळ्यांना कळली. २०२३ मध्ये खारघर-विक्रोळी ही ४०० केव्हीची वाहिनी सुरू झाल्यावर परिस्थिती जरा सुधारली. तेवढ्यात डेटा सेंटरची मागणी वाढली. भरीला प्रत्येक डेटा सेंटरच्या आवारात डिझेल जनरेटरची रांग असते आणि ते चालू स्थितीत आहेत ना, हे पाहायला ते अधूनमधून चालवावे लागतात. पाण्याचंही तसंच. पाण्याची वाफ करून थंडावा मिळवला तर वीज कमी लागते पण पाणी जातं, हवेने थंड केलं तर पाणी वाचतं पण वीज जास्त. पीयूई छापणाऱ्या कंपनीने पाण्याचा आकडा शेजारीच छापला आहे का, हे पाहिल्याशिवाय पीयूईवर खूश होऊ नये.

डेटा सेंटरवाले म्हणतात, आम्ही शंभर टक्के अक्षय ऊर्जा वापरतो. बहुतेकदा याचा अर्थ असा की वर्षभरात वापरली तितकी सौर किंवा पवन वीज कुठेतरी विकत घेतली. सूर्य दुपारी असतो. सर्व्हर रात्री दोनलाही चालतो. २०२५ मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेत बिगर-जीवाश्म इंधनांचा वाटा निम्म्यावर गेला, ही अभिमानाची बातमी खरीच. पण प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत कोळसा अजून सत्तर ते पंच्याहत्तर टक्क्यांच्या आसपास आहे. क्षमता आणि निर्मिती यांतला हा फरक जाहिरातीत राहात नाही. मागणी तर थांबायला तयार नाही. आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या हिशेबाने २०२४ मध्ये जगातल्या डेटा सेंटरनी ४१५ टेरावॉट-तास (एक टेरावॉट-तास म्हणजे शंभर कोटी युनिट) वीज वापरली आणि २०३० पर्यंत ती ९४५ च्या घरात जाईल, मुख्यतः एआयमुळे. गूगलने स्वतःच्या अहवालात कबूल केलं की २०१९ ते २०२३ मध्ये त्यांचं उत्सर्जन ४८ टक्क्यांनी वाढलं. अक्षय ऊर्जेच्या खरेदीत जी कंपनी सगळ्यांच्या पुढे, तिची ही कथा. पीयूई सुधारला, यंत्रं सुधारली, आणि तरी एकूण वाढलंच, कारण काम स्वस्त झालं की आपण ते जास्त करतो.

सरकारकडून काय हवं, हे मला स्पष्ट दिसतं आणि ते खर्चिकही नाही. दुसऱ्या अनुसूचीत लॅपटॉपसमोरचा तीनचा आकडा पाच करावा. एका अधिसूचनेचं काम आहे. घसारा लांबला की दर वर्षीचा खर्च कमी दिसतो, नफा किंचित बरा दिसतो, आणि वहीत जिवंत असलेली वस्तू भंगारात काढायला सही करताना अधिकाऱ्याचा हात थबकतो. या थबकण्यावर माझा जाहिरातींपेक्षा जास्त विश्वास आहे. सेबीने स्कोप ३ सगळा सक्तीचा करायची घाई करू नये, ते जमणार नाही, उगाच आकडे रचले जातील. पण विकत घेतलेले संगणक आणि क्लाउड या दोन बाबी वेगळ्या काढून सक्तीच्या करता येतील, कारण दोन्हींचे आकडे विक्रेत्यांकडे तयार असतात. शिवाय अहवालात एक ओळ वाढवावी. यंदा काढलेल्या यंत्रांचं सरासरी वय किती?

आणि मंत्रालयापासून जिल्हा परिषदेपर्यंत सरकारनेच दरवर्षी काही टक्के नूतनीकृत यंत्रं घ्यावीत. टेंडरमध्ये 'नवीन' हा शब्द आहे तोवर लॅमिंग्टन रोडचा दुकानदार त्यात बसूच शकत नाही. त्याला जीएसटीचं बिल आणि वर्षाची वॉरंटी देता येईल इतपत उभं केलं, तर भुग्याला जाणारा माल त्याच्याकडे वळेल.

विरोधात एक गंभीर मुद्दा आहे आणि तो मला पूर्ण खोडता येत नाही. देशात लॅपटॉप बनावेत म्हणून सरकार उत्पादकांना प्रोत्साहन देत आहे, त्यात रोजगार आहेत. मागणी लांबली तर कारखान्याचं काय? दुरुस्ती आणि नूतनीकरणातही रोजगार आहेत, एका यंत्रामागे माणसाचे तास तिथे जास्तच लागतात, असं उत्तर मी देतो. पण लॅपटॉपच्या असेंब्ली लाइनवरच्या मुलाला ते उत्तर पुरेसं वाटेल असा माझा आव नाही.

गेल्या वर्षी मी संचालकांना दोन पानांची टिपणी दिली. लॅपटॉपची मुदत तीनवरून पाच, चौथ्या वर्षी बॅटरी बदलायची, डिस्क पुसायची, भुगा करायचा नाही. टिपणीत पहिलं पान कार्बनचं होतं, दुसरं पैशांचं. मंजूर झाली. वित्त विभागाने फायलीला जोडताना पहिलं पान काढून ठेवलं होतं, "तेवढं लागत नाही" म्हणून. क्लाउडच्या नूतनीकरणाचा करार त्याच महिन्यात आला होता. विक्रेत्याच्या प्रतिनिधीला मी विचारलं, रात्री दोन वाजता आमच्या सर्व्हरची वीज कुठून येते. तो म्हणाला, ते आमच्या सस्टेनेबिलिटी रिपोर्टमध्ये सविस्तर आहे. मी रिपोर्ट काढून वाचला. त्यात पवनचक्क्यांचे फोटो उत्तम होते, सगळे दिवसाचे.